तिसरा अंक कुठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा घरी आला. विद्यापीठात संशोधन करतो. जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यानं पिशवीतून वही काढली. म्हणाला, "काका, तुमच्या पत्राचा तिसरा अंक पाहिजे."

मला आधी कळेचना. कुठलं पत्र? मग आठवलं. पन्नास वर्षांपूर्वी चाळीतल्या आम्ही पाच पोरांनी काढलेलं सायक्लोस्टाइल पत्र. फुलस्केप कागद, बारा पानं, डाव्या कोपऱ्यात एक टाचणी. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं हातानं लिहायचं. जोर जास्त झाला की मेण फाटायचं आणि अक्षराच्या पोटात शाईचा गोळा बसायचा. एका स्टेन्सिलवर दीडशे प्रती बऱ्या निघायच्या, त्यापुढं अक्षर पुसट व्हायचं. असे सात अंक निघाले. मग एकाला नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, एक दारूत गेला. पत्र कुणी बंद केलं नाही. ते आपोआप थांबलं.

"तिसराच का?" मी विचारलं.

पोरगा म्हणाला, १९७४ च्या जानेवारीत वरळी-नायगाव पेटलं त्यावर तो लिहितोय. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव गेला, हे त्याला पुस्तकांत मिळालं. नेते काय बोलले हे मिळालं. पण त्या दिवसांत चाळीतल्या बायकांनी काय पाहिलं, रात्र कशी काढली, हे त्याला कुठं लिहिलेलं मिळेना. एक आजी मात्र त्याला म्हणाली होती, "मी तेव्हाच सगळं सांगितलंय रे बाबा. त्या पोरांनी छापलंय. तिसऱ्या अंकात."

"त्या पोरांनी" म्हणजे आम्ही.

मी पोराला म्हटलं, आठ दिवसांनी ये. बोललो रुबाबात. पोटात मात्र गोळा आला. माझ्याकडे तिसरा अंक नव्हता. दुसरा नव्हता, चौथाही नव्हता. पत्र्याच्या पेटीत पहिल्या अंकाची चार पानं होती आणि सातव्याचं मुखपृष्ठ. बाकी २००५ च्या जुलैतल्या पुरात लगदा झालं होतं.

मित्रांनो, दुसऱ्यांनी आपला इतिहास दडपला म्हणून आपण भाषणं करतो. ती खरीच आहेत. पण माझ्या पेटीतला अंक कुणी दडपला? तो मीच सांभाळला नाही.

शोध सुरू केला. पाचांतले दोघे वारले आहेत. एकाच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, काका, नव्या इमारतीत जाताना पोटमाळा रिकामा केला, सगळं रद्दीत दिलं. बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहताहेत, माणसं नव्या घरात जाताहेत. चांगलं आहे. शंभर वर्षं एकशे साठ फुटांत काढली लोकांनी. पण नव्या घराला पोटमाळा नाही. जुनं सगळं पायऱ्यांवरूनच रद्दीवाल्याकडं जातं.

म्हणून मी रद्दीवाल्याकडं गेलो. जुने अंक विकणारा माणूस होता. त्याच्याकडं जुना 'चांदोबा' होता, 'किशोर' होता, सिनेमाची मासिकं होती, तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांची पत्रकं होती, दिवाळी अंकांची चवड होती. प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी, प्रत्येकावर भाव. मी म्हटलं, चळवळीचं काही? सायक्लोस्टाइल? तो म्हणाला, "साहेब, ते कोण घेतो? टाचणीवाले कागद आम्ही किलोवर घालतो. जुन्या अंकांचा छंद असणारे लोक 'चांदोबा' शोधतात. छंद असेल तर माल टिकतो."

छंद असेल तर माल टिकतो. मला राग आला. पण घरी येईपर्यंत वाटायला लागलं, हा माणूस इतिहासाच्या प्राध्यापकासारखं बोलला.

आठ दिवसांनी पोरगा आला तेव्हा मी रिकाम्या हातानं बसलो होतो. त्याला रद्दीवाल्याचं बोलणं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, छंदाच्या पत्रांचं एक प्रकरण सांगू? अमेरिकेतलं आहे. त्यात आपलाही माणूस आहे." आपला म्हणजे काळा. १९७२ साली पँथर हे नाव आपण जिथून घेतलं, तिथला. मी म्हटलं, सांग. त्यानं त्या दिवशी सांगितलं, नंतर वाचायला दिलं, आणि मी त्यात बुडालो. ते प्रकरण तुमच्यापुढं ठेवतो.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. त्याच सुमाराला तिथं एक नवी वस्तू बाजारात आली. टेबलावर मावेल असा हातछापखाना. बोस्टनचा बेंजामिन वुड्स 'नॉव्हेल्टी प्रेस' विकायचा. कनेक्टिकटमधल्या मेरिडनचा केल्सी 'एक्सेल्सियर' विकायचा. दुकानदारांनी आपली पत्रकं घरीच छापावीत म्हणून ही यंत्रं होती. पण ती घेतली पोरांनी. बारा ते वीस वर्षांची पोरं. बापाकडून पैसे घ्यायचे, नाहीतर बर्फ उपसून, वर्तमानपत्रं टाकून जमवायचे, छापखाना आणायचा आणि घराच्या माळ्यावर स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं. कथा, कोडी, कविता, संपादकीय, एकमेकांवर टीका. १८७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अशी पत्रं शेकड्यांनी निघाली. ती विकायची नसत. पोरं टपालानं एकमेकांना पाठवत. तू तुझं पाठव, मी माझं पाठवतो. आपल्या लिटल मॅगझिनांचा व्यवहारही असाच होता. पत्राला पत्र.

या पोरांना त्या देशात 'ॲमॅच्युअर' म्हणत. हौशी. ४ जुलै १८७६ ला देशाच्या शंभरीचा सोहळा फिलाडेल्फियात चालू असताना तिथंच त्यांनी आपली देशव्यापी संघटना काढली. नॅशनल ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन. अध्यक्ष, उपाध्यक्ष, निवडणुका, अधिवेशनं. पोरांचा खेळ, पण घटना-बिटना सगळं रीतसर.

आता आपला माणूस. ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी शहर आहे. नदीच्या पलीकडं केंटकी, म्हणजे १८६५ पर्यंत गुलामांचा मुलूख. अलीकडच्या काठावर हर्बर्ट क्लार्क नावाचा एक काळा तरुण 'ले बिजू' नावाचं हौशी पत्र काढायचा. फ्रेंच शब्द आहे, अर्थ रत्न किंवा दागिना. घर शिकलेलं. बाप पीटर क्लार्क शिक्षक. काळ्या मुलांसाठीच्या गेन्स हायस्कूलचा पहिला मुख्याध्यापक. त्यानं स्वतः १८५५ साली गुलामगिरीविरुद्ध 'हेरल्ड ऑफ फ्रीडम' नावाचं पत्र काढलं होतं आणि १८७७ च्या रेल्वे संपात कामगारांच्या बाजूनं उघड भाषण केलं होतं. अमेरिकेतल्या पहिल्या काळ्या समाजवाद्यांत त्याचं नाव घेतात. म्हणजे बापाचं पत्र चळवळीचं आणि पोराचं पत्र हौसेचं. घरात शाईचा वास दोन पिढ्यांचा.

टपालातून पत्र जातं तेव्हा त्याच्याबरोबर कातडीचा रंग जात नाही. 'ले बिजू' गावोगावच्या पोरांकडं जायचं, त्यांची पत्रं क्लार्ककडं यायची. कागदावर सगळे सारखे. हे वाचताना मला आपल्या माणसांची आठवण झाली. टोपणनावानं कविता पाठवायची, ती सवर्णांच्या मासिकात छापून यायची, आणि संपादकाला भेटायला गेलं की बोलणं आडनावापाशी येऊन अडायचं.

१८७९ साली संघटनेच्या निवडणुकीत हर्बर्ट क्लार्क तिसरा उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. तिसरा उपाध्यक्ष. त्या पदाला ना पगार, ना अधिकार. पोरांच्या हौशी क्लबातली ती एक खुर्ची. पण दक्षिणेकडच्या गोऱ्या पोरांचं डोकं फिरलं. त्यांच्यातले बरेच संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. तिचं नाव नीट वाचा: ॲमॅच्युअर अँटी-निग्रो ॲडमिशन असोसिएशन. काळ्यांना प्रवेश नको म्हणणाऱ्या हौशी पोरांची संघटना. गुलामगिरी जाऊन चौदा वर्षं झाली होती. १८७७ साली दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागं फिरलं होतं, आणि मोठी माणसं राज्या-राज्यांत काळ्यांची मतं हिसकावून घेत होती. पोरं घरात तेच बघत होती आणि आपल्या खेळण्यातल्या छापखान्यावर तेच छापत होती.

मी हे वाचून वही मिटली आणि बराच वेळ बसून राहिलो. आपल्याला वाटतं, अन्याय म्हणजे पाणवठा, मंदिर, जमीन, नोकरी. छंदात काय जात येणार? तिकिटं जमवणं, बुद्धिबळ, गाणं, क्रिकेट, त्यात कुठली आलीय जात? पण छंद हीच जागा अशी असते की जिथं माणूस म्हणतो, इथं कायदा सांगू नका, ही आमची खासगी बैठक आहे. कायद्यानं शाळेचं दार उघडता येतं. बैठकीचं दार उघडायला काय करायचं? १८७९ सालच्या त्या पोरांनी हेच दाखवलं. क्लार्क लिहितो कसा, छापतो कसा, याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती तो शेजारच्या खुर्चीत बसणार याची.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि आपल्या कामाची तीच आहे. हे सगळं आज आपल्याला कळतंय कसं? कारण त्या पोरांचे अंक जपलेले आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आहे, १८१२ साली स्थापन झालेली. तिच्याकडं अशा हौशी पत्रांचे सुमारे पन्नास हजार अंक आहेत. आता त्यांची छायाचित्रं काढून संगणकावर ठेवलेली आहेत. एडविन हॅडली स्मिथ नावाच्या एका हौशी माणसानं आयुष्यभर हे अंक गोळा केले. जुन्या हौशी मंडळींनी १९०४ साली 'फॉसिल्स', म्हणजे जीवाश्म, अशा थट्टेच्या नावाची संघटना काढली आणि तो संग्रह पुढं सांभाळला. या शहरातून त्या शहरात फिरत फिरत २००४ साली तो विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसनला पोचला. चौदा वर्षांच्या पोरांनी माळ्यावर छापलेली कोडी आणि विनोद, पण त्यांना आज विद्यापीठात कपाट आहे.

छंद असेल तर माल टिकतो. रद्दीवाला खोटं बोलला नव्हता.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. डेट्रॉइट शहरात बेंजामिन पेलहम आणि वॉल्टर स्टोवर्स या काळ्या तरुणांनी 'द व्हेंचर' नावाचं हौशी पत्र काढलं होतं. खिळे जुळवायला, बातमी लिहायला, हिशेब ठेवायला ती पोरं त्यात शिकली. १८८३ साली त्यांनीच, थोरला भाऊ रॉबर्ट पेलहम आणि आणखी साथीदार घेऊन, 'डेट्रॉइट प्लेनडीलर' हे काळ्या समाजाचं वर्तमानपत्र सुरू केलं. ते १८९४ पर्यंत चाललं. हौशी पत्रातून समाजाचं पत्र उभं राहिलं. पण त्या 'प्लेनडीलर'ची पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतची सलग फाईल आज मिळत नाही. पोरांच्या कोड्यांची चळत आहे, पण एका समाजाच्या अकरा वर्षांच्या बातम्यांत भगदाडं आहेत. कारण उघड आहे. हौशी पोरांच्या घराला माळा होता आणि माळ्यावर वेळ होता. 'प्लेनडीलर'च्या वाचकाला अंक वाचायचा होता, दुसऱ्याला द्यायचा होता आणि सकाळी कामावर जायचं होतं.

आपलं काय वेगळं झालं? गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' काढलं. नागपुरात किसन फागू बनसोड्यांनी एकामागून एक पत्रं काढली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'नं मात्र त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापली नाही. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९२८ ला 'समता', १९३० ला 'जनता', ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. ही यादी तुम्हाला पाठ आहे. जयंतीच्या भाषणात आपण ती एका दमात म्हणतो. पण यातला एक तरी मूळ अंक तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेतलाय? नाव पाठ असणं वेगळं आणि अंक घरात असणं वेगळं.

'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्यानं लिहून भरले. दिवसा कोर्ट, कॉलेज, सभा, आणि रात्री पत्र. आणि आपण ते वाचतो कुठून? महाराष्ट्र शासनानं १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक एकत्र छापले म्हणून. त्यामागं वसंत मून यांचं आयुष्य आहे. आणि मून यांच्या हाती अंक लागले ते कुणीतरी, कुठल्यातरी घरात, दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असताना, ते कागद चुलीत घातले नाहीत म्हणून. त्या माणसांची नावं कुठल्या खंडात नाहीत. पण 'मूकनायक' त्यांनी वाचवला.

आणि जे वाचलं नाही ते? दिल्लीतल्या २६ अलीपूर रोडच्या घरातले बाबासाहेबांचे कागद १९६७ साली उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले. दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे इमारतीसकट पाडला गेला. ही मोठी नावं म्हणून आपल्याला कळलं, मोर्चे निघाले. गावागावांतल्या, चाळीचाळींतल्या छोट्या पत्रांसाठी कोण मोर्चा काढणार? राजा ढाल्यांचा १५ ऑगस्ट १९७२ चा 'साधने'तला लेख आज कुणालाही काढून बघता येतो, कारण 'साधने'ला कचेरी होती, कपाट होतं, फाईल होती. आमच्या पत्राची कचेरी म्हणजे जिन्याखालची जागा. तिथं रात्री कुत्रं झोपायचं.

तर तिसरा अंक. मी शोध सोडला नाही. रद्दीवाले संपले, मित्र संपले. मग एक दिवस एका जुन्या कार्यकर्त्यानं विचारलं, "तेव्हा कागदाचे पैसे कुणी दिले होते?" मला आठवलं, पहिल्या तीन अंकांचा कागद जयंती उत्सव समितीच्या पैशातून आला होता. समितीचे खजिनदार फार कडक. पोस्टाचं तिकीट आणलं तरी पावती मागायचे. आम्ही त्यांना मागनं शिव्या घालायचो.

आम्ही विहारात गेलो. तिथं लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यात वंदनेची पुस्तकं, मधल्यात लाउडस्पीकरची वायर, खालच्या कप्प्यात १९६० पासूनची वर्गणीची पावतीपुस्तकं, वर्षावर्षाची, सुतळीनं बांधलेली. कोपरे वाळवीनं खाल्लेले. पण आहेत. कारण आपल्या लोकांनी कविता फेकल्या, लेख फेकले, पण हिशेब फेकला नाही. आठ आण्यांच्या वर्गणीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून साठ वर्षं पावत्या जपल्या.

१९७४ च्या गठ्ठ्यात खर्चाची व्हाउचरं होती. एका व्हाउचरला कागद-स्टेन्सिलचं बिल टाचलेलं, तारीख २ फेब्रुवारी १९७४. आणि बिलाच्या मागं, पैसे खरंच अंकावर खर्च झाले याचा पुरावा म्हणून, खजिनदारांनी अंकाची एक प्रत जोडलेली. तिसरा अंक. बाराच्या बारा पानं.

माझे हात थरथरत होते, हे सांगायला लाज वाटत नाही. ज्या माणसाला आम्ही कंजूष म्हणायचो, त्यानं आमचं पत्र वाचवलं. आमच्या कुणाच्या डोक्यात इतिहास होता, कुणाच्या डोक्यात क्रांती होती. त्याच्या डोक्यात हिशेब होता.

आता पुढचं ऐका, कारण खरी गोष्ट इथं आहे. अंकाच्या पाचव्या पानावर त्या आजीचं बोलणं होतं. आम्हीच लिहून घेतलेलं. दार आतून लावून पाटा आडवा टाकला होता ते, पोरांना खाटेखाली झोपवलं ते, नळावर जायला बायका चार-चारच्या टोळीनं निघाल्या ते. वर मथळा होता: 'एका भगिनीचं मनोगत'. खाली नाव नाही. चाळीचा नंबर नाही. अंकावर तारीखही नाही, नुसतं 'अंक ३'. ते दुकानाचं बिल नसतं तर हा अंक कधीचा हेसुद्धा शपथेवर सांगता आलं नसतं.

मी आणि पोरगा आजीकडं गेलो. तिला आता वाचता येत नाही, मोतीबिंदू आहे. पोरानं मोठ्यानं वाचलं. आजी मान हलवत होती. मधेच म्हणाली, "पाटा नव्हता रे, वरवंटा होता. पाटा कोण उचलणार?" सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माझं नाव कुठाय?"

मी म्हटलं, "आजी, तेव्हा दिवस वाईट होते. तुमच्या जिवाला धोका नको म्हणून नाव घातलं नाही."

ती म्हणाली, "मला विचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. आम्हा पाचांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याच अंकात आमच्या पाचांच्या कविता आहेत. त्यांच्याखाली आमची पूर्ण नावं आहेत, ठळक अक्षरात. धोका आम्हालाही होताच की!

मला 'सोमवंशीय मित्र' आठवलं. १९०९ साली शिवराम जानबा कांबळ्यांनी एका मुरळीचं पत्र छापलं. शिवूबाई लक्ष्मण जाधव. पूर्ण नावानिशी. ज्या बाईला जगानं देवाला सोडलेली म्हणून हिणवलं, तिचं नाव त्यांनी छापलं, म्हणून आज शंभर वर्षांनंतर आपण तिचं नाव घेतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी चळवळीतल्या बायकांच्या घरोघरी गेल्या, त्यांची नावं आणि आठवणी उतरवून घेतल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. त्यांना इतकी पायपीट का करावी लागली? माझ्यासारख्या पोरांनी वेळेवर नाव लिहिलं नाही म्हणून. हर्बर्ट क्लार्कच्या शत्रूंनी त्याच्यावर बहिष्कार टाकला, पण त्याचं नाव त्यांना पुसता आलं नाही, कारण ते छापलेलं होतं. आजीचं नाव तिच्याच माणसांनी सोडलं.

मित्रांनो, तुम्ही आज अंक काढता, पत्रकं काढता, भिंतीवर लिहिता, मोबाईलवर टाकता. मी म्हातारा, मला सल्ला द्यायची सवय. चार गोष्टी सांगतो.

अंकावर तारीख घाला. दिवस, महिना, साल आणि गाव. 'अंक ३' एवढ्यानं काही कळत नाही.

ज्याचं बोलणं छापता त्याला विचारा, नाव घालू का? हो म्हणाला तर पूर्ण नाव घाला. नको म्हणाला तर अंकावर घालू नका, पण दुसऱ्या एका कागदावर लिहून विश्वासाच्या माणसाकडं ठेवा. आज भीती असते, उद्या नसते. पण न लिहिलेलं नाव उद्या परत येत नाही.

तीन प्रती बाजूला काढा. एक विहारात, एक गावाबाहेरच्या मित्राकडं, एक ग्रंथालयात. स्वतःच्या घरात ठेवलेली प्रत धरू नका. घरं पाण्यात जातात, घरं पाडली जातात, घरं बदलतात. मोबाईलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोबाईल पेटीपेक्षा लवकर मरतो.

आणि चाळ रिकामी होताना, वस्ती उठताना, कुणी म्हातारं वारल्यावर, रद्दीवाला यायच्या आधी तुम्ही तिथं पोचा. नुसती पुस्तकं बघू नका. पावत्या बघा, वह्या बघा, लग्नपत्रिका बघा, औषधाच्या फाईली बघा. आपला इतिहास आपल्या लोकांनी इतिहास म्हणून ठेवलेला नाही. तो हिशेबाच्या मागं टाचलेला आहे.

कुणी याला छंद म्हणेल. म्हणू दे. तिकडं पोरांच्या छंदाचे पन्नास हजार अंक कपाटात बसलेत. आपल्या गरजेचे पाचशे तरी बसवू.

तिसऱ्या अंकाची आता छायाप्रत काढली आहे. पाचव्या पानावर 'एका भगिनीचं मनोगत' या मथळ्याखाली आजीनं पोराच्या पेनानं सही केली. अक्षरं वाकडी आहेत, एक ओळ दुसरीवर चढली आहे, पण वाचता येतं. खाली तिनं चाळीचा नंबर घालायला लावला. आणि 'पाटा' या शब्दावर काट मारून 'वरवंटा' लिहून घेतलं.